समुद्राच्या शेवाळाचं खत परसातल्या भाजीला चालतं का? मिठाने जमीन जात नाही का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या घरी भाजीचे चार वाफे आहेत, पुळणीवर शेवाळाचे ढीग येऊन पडतात. ते कंपोस्टमध्ये घालावे का, किती घालावे, आणि शेजारी म्हणतात तशी मिठाने जमीन कायमची जाते का, असा तुमचा प्रश्न आहे.

घाला. शेजाऱ्यांचं ऐकू नका. असं बोलणारं माणूस माझ्या घरातच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2011 साली आमच्या वाटण्या झाल्या. खालचं आगर, विहीर आणि धरते माड धाकट्या दिरांकडे गेले. आमच्याकडे घर आलं आणि घरामागचा सडा. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, पावसात चार महिने हिरवा आणि शिमग्याला पाय भाजणारा. गोठा तोवर रिकामा झाला होता. विकतच्या शेणखताची गाडी मागवायची तर खतापेक्षा भाडंच जास्त. चिरे लावून मी तीन वाफे बांधून घेतले, पण आत घालायला माती कुठे होती?

तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की शेवाळ आण. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मासळीची कुटी, म्हणजे सुक्या मासळीचं खत, विकत घ्यायची ऐपत नव्हती. त्या आणि शेजारच्या दोघीजणी ओहोटीला खडपाशी, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांशी, जायच्या, वाहून आलेलं शेवाळ डोक्यावरून आणायच्या आणि माडांच्या आळ्यात पसरायच्या. पुढे मुलगे नोकरीला लागले, युरियाच्या गोण्या आल्या, आणि शेवाळ आणणं हे गरिबीचं लक्षण होऊन बसलं. दिरांना ते आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी घाई केली. डिसेंबरात मिळालं तेवढं ओलं शेवाळ आणलं, पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यात, मिसळून महिनाभर ठेवलं आणि अर्धवट कुजलेलं तसंच वाफ्यात भरून वर घेवडा लावला. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपायला लागल्या. शिमग्यापर्यंत वेल गेले. पालखी घरी आली तेव्हा भरल्या अंगणात भाऊजी म्हणाले, “वहिनी, समुद्र घरात आणलात. आता दहा वर्षं इथे कुसळसुद्धा उगवायचं नाही.” सासूबाई माजघरात बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. शेवाळ त्यांच्या सांगण्यावरून आणलं होतं, हे भाऊजींना माहीत होतं.

त्याच वर्षी, त्याच वाफ्यात, पाऊस ओसरल्यावर मी लाल माठ पेरला. तो गुडघ्याएवढा झाला. बांधावर पडवळ चढवला, त्यालाही काही झालं नाही. दहा वर्षांचं मीठ एका पावसाळ्यात वाहून गेलं.

आणि ते जाणारच होतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. शेवाळाला लागून येतं ते एवढंच खारं पाणी. मीठ जमिनीला धरून बसतं ते खाजणात, जिथे भरतीचं पाणी आत येतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. आपली जांभ्याची माती पाणी धरतच नाही आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घेवडा मेला तो मिठानेच, पण जमीन गेली म्हणून नाही. घेवड्याला मीठ अजिबात सोसत नाही, आणि डिसेंबर ते मे धुऊन न्यायला पाऊसही नसतो. माड त्याच्या अगदी उलट. भाऊजींनी स्वतः रोपं लावताना प्रत्येक खड्ड्यात मीठ घातलंय, त्यांच्या वडिलांनीही घातलं होतं. तेव्हा कोणी म्हटलं नाही की जमीन जाईल.

आता मी कसं करते ते. शिमग्यानंतर, विशेषतः एप्रिल-मेच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर, भरतीच्या रेषेवर शेवाळाची रांग पडते. तपकिरी, बारीक मण्यांसारखे फुगे असलेलं सारगस्सम आमच्याकडे जास्त. त्यात पातळ हिरवं शेवाळही असतं, ते लवकर कुजतं. वाळू झटकून घरी आणायचं आणि कातळावर पातळ पसरून वाळवायचं. वजन इतकं उतरतं की दहा टोपल्यांच्या दोन होतात. मृगाच्या सरी आल्या की चार-पाच दिवस तसंच भिजू द्यायचं. मीठ तेवढ्यात निघून जातं.

त्याहून जास्त दिवस उघड्यावर ठेवू नका. बहुतेक लोक इथेच चुकतात. शेवाळाची खरी किंमत त्याच्या पालाशात, म्हणजे पोटॅशमध्ये, आहे आणि पालाश पाण्यात विरघळतो. अख्खा आषाढ उघड्यावर भिजत ठेवलंत तर मिठाबरोबर तोही गेला. आपल्या जमिनीतला पालाश मुळातच पाऊस धुऊन नेतो, म्हणून तर आपल्याला हे खत हवं. तेव्हा पाच दिवसांनी ढीग रचायचा आणि वर माडाच्या झापांचं छप्पर घालायचं. एक टोपली शेवाळाला तीन टोपल्या सुका पातेरा, मधे मधे मूठभर जुनी माती किंवा शेण. नुसत्या शेवाळाचा जाड थर लावलात तर आत हवा जात नाही आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तसं झालं तर ढीग उलटा करा आणि पातेरा वाढवा. आंब्या-काजूची पानं हळू कुजतात, ती आधी चुरून घ्या. जूनमध्ये लावलेला ढीग दिवाळीला तयार होतो. शेवाळात लाकडासारखा चिवट भाग नसतो, म्हणून त्याचा मागमूस राहत नाही, आणि तणाचं बी तर त्यात नसतंच.

नुसत्या शेवाळावर मात्र भागत नाही. त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी असतो. मी मासळीची डोकी आणि काटे ढिगाच्या पोटात खोल पुरते, मांजरं उकरणार नाहीत असे.

मुलीने मला आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या आरन बेटांबद्दल सांगितलं. तिथे चुनखडीचा उघडा कातळ आहे. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाळू आणि शेवाळाचे थर टाकून माती केली आणि बटाटे पिकवले. हे ऐकलं तेव्हा सासूबाई नव्हत्या. त्यांना सांगायला हवं होतं असं फार वाटलं. आमच्या सड्यावर आता तिन्ही वाफ्यांत वीतभर काळी माती आहे. ती कुठून विकत आणलेली नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. खडपाला चिकटलेलं जिवंत शेवाळ खरवडू नका. त्यात माशांची आणि कुर्ल्यांची पिल्लं वाढतात. वाहून आलेलंच उचला, तेही सगळं नको. मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे, तिथून काहीच उचलायचं नाही. वेळासकडे किंवा कासवं अंडी घालतात अशा दुसऱ्या कुठल्या पुळणीवर असाल तर मेपर्यंत वरच्या वाळूला हात लावू नका. गटाराच्या तोंडाजवळचं आणि जेटीजवळचं शेवाळ घेऊ नका. पावसाच्या तोंडावर डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. ते चिकटलेलं शेवाळ फेकून द्या, धुऊन काही उपयोग होत नाही. तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठू शकतं, म्हणून पालेभाजीच्या वाफ्यात दरवर्षी हेच एक खत घालू नये. मी एक वर्ष आड घालते. आणि भाऊजींची एक गोष्ट बरोबर होती, डिसेंबरातलं ओलं शेवाळ थेट वाफ्यात घालायला नको होतं. एवढंच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. त्यांनी ते अंगणात सांगितलं, आणि सांगितलं ते दहा वर्षांचं.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा मिरचीची रोपं करायला दोन घमेली माती मागायला आला. मी चार दिली. भाऊजींनी आणायला लावली होती का, ते मी विचारलं नाही. ते हे वाचत असतील तर त्यांनी सांगावं.

तुमच्या चार वाफ्यांना वाळलेल्या शेवाळाच्या पाच-सहा टोपल्या पुरतील. घेवडा पहिल्या वर्षी लावू नका, माठ किंवा पालक लावा. आणि शेवाळ आणायला प्लास्टिकची टोपली घ्या, वेताची खाऱ्या पाण्याने दोन हंगामांत कुजते.