अक्काला सांगू का नको?

"जुनी चूक आता उकरून काढावी का?" समुपदेशनासाठी माझ्याकडं येणारी माणसं हे फार विचारतात. कुणी बायकोपासून कर्ज लपवलेलं असतं, कुणी आईच्या शेवटच्या आजारपणात गावाकडं फिरकलेलंच नसतं. भीती एकच, सांगितलं आणि माणूस तुटलं तर? लातूरजवळच्या एका काकांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल ते तपशील बदललेत.

काका आले ते झोप लागत नाही म्हणून. बीपी, शुगर तपासून झालेलं. जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का, हे मी आधी विचारलं. तसं वाटत असेल तर जुन्या चुकांचं नंतर बघू. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, नाहीतर 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर लावायचा, रात्री-अपरात्रीसुद्धा. काकांचं तसं नव्हतं.

मग ते लहानसहान सांगू लागले. सालगड्याला नको ते बोललो. पोराला मार्कांवरून मारलं. मळणी चालू होती म्हणून मित्राच्या मातीला गेलो नाही. माणसं आधी छोट्या चुका पुढं करून बघतात, ऐकणारा तोंड वाकडं करतो का ते. तिथं "त्यात काय एवढं" म्हणून त्यांना गप्प करू नये. मी ऐकत राहिले, आणि पुढच्या भेटीत मोठी चूक बाहेर आली.

वडील गेल्यावर सातबाऱ्याला वारस लागले, त्यात थोरल्या बहिणीचं, अक्काचंही नाव आलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रानं तो कायदा 1994 मध्ये केला, देशभर तो 2005 मध्ये आला. काकांना हे ठाऊक होतं, अक्काला नव्हतं. पीककर्जाला सही लागती, असं सांगून त्यांनी तिला रजिस्ट्री ऑफिसात नेलं. कागद हक्कसोडपत्राचा होता, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडून दिल्याचा.

"अक्कानं काय हाय म्हणून इचारलंबी नाही, ताई. अंगठ्याची शाई पदराला पुसली अन् म्हणली, लई ऊन झालंय, चल रस पिऊ. रसाचे पैसेबी तिनंच दिले."

तेव्हापासून अक्का पंचमीला माहेरी आली की काका काही ना काही काम काढून बाहेर. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर शेतात कडब्याच्या कोपीपुढं आंबील-भज्जी जेवायला बसायचं, तर अक्काच्या शेजारची जागा ते टाळायचे. तिच्या लेकीच्या फीसाठी त्यांनी एकदा दहा हजार दिले. अक्कानं तोंडभरून आशीर्वाद दिला, आणि झोप उडाली ती तिथून.

"मी माणूसच वाईट," असं म्हणून काका रडायचे. मी त्यांना त्या वाक्यावर थांबू दिलं नाही. स्वतःला वाईट म्हणून घेण्यात पुढं करण्यासारखं काहीच उरत नाही. अक्काची जमीन फसवून घेतली, असं म्हटलं की ती परत कशी द्यायची हे तरी बघता येतं.

अक्काला काय सांगणार ते मी लिहून आणायला लावलं. पानभर आलं. दुष्काळ, सोसायटीचं कर्ज, वडिलांच्या दवाखान्याचा खर्च. सगळं खरं होतं.

"हे ऐकून अक्का काय म्हणतील?" मी विचारलं.

काका थांबले. "म्हणल, जाऊ दे रे, तुझीबी अडचण व्हती."

म्हणजे चूक सांगून व्हायच्या आत तिच्याकडून माफी वसूल! एवढं त्यांच्याच ध्यानात आलं आणि कारणं त्यांनी स्वतः खोडली. काय केलं, काय परत देणार, आणि तुला राग आला तर तो बरोबरच आहे, एवढंच उरलं.

येळवसला सगळ्यांसमोर अक्काच्या पाया पडायचं त्यांच्या मनात होतं. मी नको म्हणाले. चारचौघांत बाईला रागावता येत नाही, मान डोलवावी लागते. शिवाय नुसतं आपलं ओझं उतरवायला सांगणार असाल तर थांबा, असं मी सगळ्यांनाच म्हणते. ज्याचं नुकसान झालं त्याच्या पदरात काही पडणार असेल, त्याचा हक्क, त्याचा पैसा, त्याला न कळलेली खरी गोष्ट, तर मात्र सांगावंच.

काकांनी आधी घरी सांगितलं. पोरगा भडकला. जमीन परत अक्काच्या नावावर करायला बक्षीसपत्र लागेल, त्याची वकिलाकडून चौकशी झाली. मग ते एकटेच अक्काच्या गावी गेले. अक्का रडली नाही, भांडली नाही. उठून आत गेली. त्या पंचमीला आली नाही.

"तुटली की अक्का, ताई!"

मी म्हटलं, काका, तुम्ही हे इतकी वर्षं जाणून होता, त्यांना परवा कळलंय. त्यांना वेळ लागणार, आणि तो किती लागेल हे त्याच ठरवणार. तुम्ही बक्षीसपत्राचं काम थांबवू नका.

दिवाळीनंतर अक्काचा फोन आला. "जमीन देतोस ते दे. इतक्या वर्षांच्या सोयाबीनचं काय?"

काकांनी आडतीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याचे हिशेब, जपून ठेवल्यात. नवरा-बायको मिळून सध्या त्या वर्षवार लावतायत. त्यातून पिकाचा खर्च अर्धा वजा धरायचा की पुरता, यावर घरात वाद चालू आहे, आणि तो अक्कालाच विचारावा असं काकूंचं म्हणणं आहे.