आफ्रिकेतली माणसं रंगवताना

सप्रेम आशीर्वाद.

मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकासाठी तू केलेली बाराही चित्रं नीट पाहिली. रेषा मोकळी आहे, गाईगुरं तर जिवंत उतरली आहेत. अडलंय ते रंगात. कैरोचा फेरीवाला, दक्षिण सुदानचा गुराखी, नामिबियातली बाई, बोत्स्वानातले सान लोक, सगळ्यांच्या अंगाला एकच बर्न्ट अंबर, म्हणजे ट्यूबमधला गडद तपकिरी. आपल्याकडे मुलगी बघायला गेलेली माणसं गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी असे पाच-सहा रंग एका दमात मोजतात (आणि नको तिथे मोजतात). आफ्रिका म्हटली की मात्र हाच शब्दकोश एका शब्दावर येतो.

‘हबशी’ हा शब्दच घे. तो ‘हबश’वरून, म्हणजे इथिओपिया-इरिट्रियाच्या डोंगराळ मुलखावरून आला. मलिक अंबर तिकडचा, जंजिऱ्याच्या सिद्दींनाही आपण हबशीच म्हणत आलो. मराठीत या शब्दाचा अर्थ ‘काळाकुट्ट’ होऊन बसला. पण त्या डोंगराळ भागातले आजचे अम्हारा आणि तिग्रिन्या लोक बरेचसे आपल्या गव्हाळ-सावळ्याच्या जवळपास असतात. अम्हारिक भाषेत ते एकमेकांचा रंग सांगताना ‘केय’ म्हणजे लाल, ‘तेयिम’ म्हणजे तपकिरी आणि ‘तिकुर’ म्हणजे काळा असे शब्द वापरतात. उजळ माणसाला ते लाल म्हणतात, हे चित्रकाराने लक्षात ठेवावं. त्यांचा उजळपणा आपल्या गोरेपणासारखा गुलाबी-पांढरा नसतो, तांब्याकडे झुकतो.

आता कारणं. ती नीट कळली की रंग निवडणं सोपं जातं. रंगपेशींची संख्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक पडतो त्या पेशी बनवतात त्या मेलॅनिन या रंगद्रव्याच्या कणांत. गडद त्वचेत कण मोठे असतात आणि सुटे पसरतात, उजळ त्वचेत ते लहान असतात आणि पुंजक्याने राहतात. तळहात-तळपायांवर रंगपेशी कमी आणि कातडी जाड, म्हणून ते सगळ्यांचेच फिके.

‘ऊन जास्त म्हणून रंग काळा’ हे अर्धंच खरं आहे. उन्हातली अतिनील किरणं रक्तातलं फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट करतात, म्हणून कडक उन्हाच्या मुलखात गडद त्वचा टिकून राहिली. पण माणसं जागा बदलतात आणि रंग सोबत घेऊन जातात. दक्षिण आफ्रिकेत खोसा-झुलूंचे पूर्वज बांटू भाषा बोलत नायजेरिया-कॅमेरूनच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या सरकत आले, तिथले सान आधीपासूनचे. ऊन दोघांना एकच, तरी सान पुष्कळ उजळ. इथिओपियाच्या पठारावर ऊन प्रखर, पण तिथे फार पूर्वी पश्चिम आशियातून आलेल्या लोकांचं रक्त मिसळलं, म्हणून रंग मध्यम. मादागास्करमध्ये तर इंडोनेशियाकडून समुद्रमार्गे आलेल्यांचा वारसाही आहे. म्हणून नकाशावरचं अक्षांश बघून रंग ठरवू नकोस.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथिओपिया, टांझानिया आणि बोत्स्वानातल्या २,०९२ लोकांच्या त्वचेवरून परतणारा प्रकाश यंत्राने मोजला होता. मोजमाप दंडाच्या आतल्या बाजूला घेतलं, कारण तिथे ऊन लागत नाही. सर्वांत गडद निघाले पूर्व आफ्रिकेतले, निलो-सहारन भाषा बोलणारे पशुपालक. सर्वांत उजळ सान, काही पूर्व आशियाई लोकांइतके. यात आपल्याला जवळची गोष्ट अशी की त्वचा गडद करणारे काही जनुकीय बदल आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात एकाच मुळाचे आहेत. उजळ करणारा ‘एसएलसी२४ए५’ या जनुकातला बदल भारतात भरपूर आढळतो, इथिओपियातही आढळतो आणि तिथे तो बाहेरून आला. म्हणजे रंगाची ही सरमिसळ आपल्या अंगणापर्यंत पोचते.

मोजपट्ट्यांचंही जपून. इंटरनेटवर फिट्झपॅट्रिकची सहा रंगांची पट्टी सापडेल. ती १९७५ साली त्वचारोगाच्या उपचारासाठी किरणांचा डोस ठरवायला निघाली. कोणाची त्वचा उन्हात भाजते आणि कोणाची काळवंडते, एवढंच तिला विचारायचं होतं. सुरुवातीला ती गोऱ्या त्वचेपुरतीच होती, गडद प्रकार मागाहून जोडले. चित्रासाठी ती निरुपयोगी. २०२२ साली प्रसिद्ध झालेली समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी बरी, पण तीही ताळा करण्यापुरतीच वापर. दक्षिण सुदानचे डिंका म्हणजे अमुक छटा असं कोष्टक करू नकोस. डिंकांतही कमी-अधिक गडद माणसं असतात, सानांतही असतात, आणि दोन समाजांच्या छटा एकमेकींवर चढतात. एका चित्रात सहा जण असतील तर निदान तीन मिश्रणं हवीत. सख्खी भावंडंही एका रंगाची नसतात, हे तुझ्या घरीच दिसेल.

मिश्रणं सांगतो. ट्यूबमधला काळा बाजूला ठेव. त्याने त्वचा काजळी फासल्यासारखी मेलेली दिसते. दक्षिण सुदानच्या गुराख्यासाठी बर्न्ट अंबर दोन भाग, अल्ट्रामरीन (गडद निळा) एक भाग, क्रिमसन (किरमिजी) कुंचल्याच्या टोकाएवढा. घानाच्या बाजारातल्या बायकांसाठी बर्न्ट अंबर दोन, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक, थोडा क्रिमसन. अदिस अबाबाच्या शाळकरी मुलांसाठी बर्न्ट सिएना तीन, अंबर एक, यलो ऑकरची (मातकट पिवळ्याची) झाक. सान कुटुंबासाठी यलो ऑकर दोन, बर्न्ट सिएना एक, अंबर नावाला. ही सुरुवात समज. प्रत्येक माणसागणिक एखादा थेंब इकडे-तिकडे कर. जलरंग वाळला की फिका पडतो, पोस्टर कलरची गडद छटाही वाळल्यावर उजळते. म्हणून त्याच कागदाच्या पट्टीवर लावून, पूर्ण वाळवून मगच ठरव. ओल्या रंगावर निर्णय घेतला की गुराखी हटकून राखाडी होतो.

सर्वांत मोठी चूक प्रकाशात झाली आहे. गडद गालांवरची चमक म्हणून तू त्याच तपकिरीत पांढरा मिसळलास, त्यामुळे चेहरे पिठाळ दिसतात. गडद त्वचेत आत शिरलेला बराचसा प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं. डोळ्यांना दिसते ती मुख्यतः वरच्यावर परतलेली चमक, आणि ती प्रकाशाच्या रंगाची असते. मोकळ्या आकाशाखाली कपाळावरची चमक निळसर, शेकोटीजवळ केशरी, हिरव्या ताडपत्रीखाली हिरवट. चमक लहान ठेव, कड धारदार ठेव, आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड यांपलीकडे पसरू देऊ नकोस. उजळ त्वचेत उलट. प्रकाश आत फिरून बाहेर येतो, म्हणून सान मुलाच्या कानाची पाळी उन्हात लालसर होईल आणि सावलीची कड मऊ राहील.

बारीक गोष्टींत तळहात फिके कर, पण तळहातावरच्या रेषा गडद ठेव. कोपर, गुडघे, बोटांचे सांधे अर्ध्या छटेने अधिक गडद. वरचा ओठ गडद आणि खालचा गुलाबीसर, असं पुष्कळांत असतं. आईच्या कुशीतलं तान्हं बाळ मात्र आईइतकं गडद काढू नकोस. बाळं जन्मतात तेव्हा फिकी असतात, रंग पुढे चढत जातो. आपल्या आज्या कानाच्या पाळीवरून बाळाचा रंग सांगतात, तीच खूण इथे वापर: अंग फिकं, कानाची कड गडद.

नामिबियातल्या हिंबा बाईचा लाल रंग तिच्या त्वचेचा नाही. लोणी आणि गेरूसारखी लाल माती मिसळून तो लेप अंगाला आणि केसांना लावतात. हातापायाच्या घड्यांत, दागिन्यांखाली, कपड्याच्या कडेला मूळ तपकिरी दिसू दे. तिच्याशेजारी उभ्या पुरुषाला तू तसाच लाल केला आहेस, तो तपकिरी कर. दक्षिण सुदानच्या मुंदारी गुराख्यांचे राखाडी फोटोही असेच फसवे. माश्या-डास दूर राहावेत म्हणून ते शेणाच्या गोवऱ्यांची राख फासतात.

फोटोतून थेट रंग उचलण्याची सवय सोड. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी धरून मोजतं. गडद चेहऱ्याने चौकट भरली की तो चेहरा खरा असतो त्याहून उजळ येतो. तोच माणूस पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहिला की कोळसा होतो. फोटोत डोळ्यांचा पांढरा भाग, दात किंवा एखादा पांढरा कपडा शोध आणि त्याच्या तुलनेत त्वचा किती गडद आहे ते ठरव. माणसामाणसांतला फरक घ्यायचा असेल तर सगळे जण एकाच फोटोत, एकाच उजेडात हवेत.

शेवटी छपाई. पुस्तक साध्या अनकोटेड (वर लेप नसलेल्या) कागदावर जाणार आहे. त्यावर शाई पसरते, गडद भाग भरून येतात, आणि गुराख्याचं नाक-डोळे एका डागात जातील. म्हणून गडद चेहऱ्यांत काळी शाई कमी ठेव आणि सावलीला निळा व किरमिजी यांनी खोली दे. स्क्रीनवर थोडं जास्त उजळ वाटलं तरी चालेल. त्याच कागदावर एक प्रूफ मागव. निळी शाई वाढली तर सानांची कातडी हिरवट मारेल, तिथे आधी निळी उतरव.

आधी गुराख्याचं एकच चित्र परत कर. ट्यूब लाइटखाली काढलेला मोबाइलचा फोटो नको. स्कॅन कर, आणि वाळलेल्या रंगांची पट्टी त्याच स्कॅनमध्ये शेजारी ठेव.