स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी

प्रश्न : माझे मिस्टर शिवडीच्या एका गोदामात ठेकेदाराकडून हेल्पर होते. 14 ऑगस्ट 2025 रोजी रिव्हर्स येणारी फोर्कलिफ्ट (माल उचलणारी गाडी) त्यांच्या उजव्या पायावरून गेली. घोट्याचा चुरा झाला, रॉड घातलाय. आता पाच मिनिटंही उभं राहवत नाही. वय 35, पगार 24,000. ठेकेदार म्हणतो, "चूक तुमच्याच माणसाची. 60,000 घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा." काय करावं?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : सही करू नका. झालीच असेल तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर तिची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी दिसली तर ते नोंद नाकारू शकतात.

चूक कोणाची, हा वाद इथे चालत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 प्रमाणे कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. कामगार नशेत होता, सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं, आणि त्यामुळेच अपघात झाला, हे मालकाने सिद्ध केलं तरच त्याची सुटका. गाडीमागे नुसतं उभं असणं यात बसत नाही. (21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा.)

आधी पगाराची स्लिप काढा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) पगाराची मर्यादा 21,000 आहे, पण पगार एप्रिल 2025 नंतर वाढून ती ओलांडली असेल तर त्या वर्षी सप्टेंबरअखेर ईएसआय चालूच राहतं. तसं असेल तर दावा ईएसआयकडे जातो, 1923 च्या कायद्याखाली नाही. चुकीच्या दारात गेलात तर वर्ष फुकट जाईल.

ईएसआय नसेल तर हिशोब असा : पगार कितीही असो, धरला जातो जास्तीत जास्त 15,000. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वय 35 साठीचा गुणक 197.06. गुणाकार 17,73,540 रुपये. कमाईची क्षमता पूर्ण गेली तर ही रक्कम, नाहीतर गेली तितके टक्के.

हा टक्का डॉक्टरच्या कागदावर ठरतो, आणि बहुतेक दावे इथेच मार खातात. हाडांचे डॉक्टर लिहितात "पायाचं अपंगत्व 30 टक्के", आणि वकील तोच आकडा जोडतो : 5,32,062. पण पायाचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची क्षमता वेगळी. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नुकसान 100 टक्के मानलं. उपचार पुरे झाल्यावर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा : किती तास उभं राहायचं, किती किलो उचलायचं. कमाईची क्षमता किती गेली, हे त्यांच्याकडून स्वतंत्र लिहून घ्या. साक्षीला येतील असेच डॉक्टर निवडा.

हॉस्पिटलचा एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसचा) नंबर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची सगळी बिलं जपा. उपचाराचा खर्च भरपाईशिवाय वेगळा मिळतो. पगाराचा पुरावा म्हणून बँकेचं पासबुक, गेटपास, मुकादमाचे हजेरीचे मेसेज चालतात. फोर्कलिफ्ट भाड्याची होती का, तेही लिहून ठेवा.

लेखी नोटीस ठेकेदाराला आणि गोदाम चालवणाऱ्या कंपनीलाही पोचपावतीसह धाडा. ठेकेदार हात वर करतो तेव्हा मूळ कंपनी जबाबदार राहते. विमा कंपनी असेल तर दाव्यात तिलाही पक्षकार करा. दावा अपघातापासून दोन वर्षांत, म्हणजे ऑगस्ट 2027 च्या आत, वांद्र्याच्या कामगार न्यायालयात. महिन्याभरात पैसे न दिल्याबद्दल 12 टक्के व्याज मागा. विनाकारण टाळाटाळ झाली असेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड लागतो, आणि तो विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणात जा, असं कोणी सुचवेल. फक्त आवारातच चालणारी फोर्कलिफ्ट मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. रस्त्यावर चालणारी, नोंदणीची असेल तर तो मार्ग खुला आहे, पण दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही.

प्रश्न : मी फोर्कलिफ्ट ऑपरेटर, पगार 19,000. ईएसआय कापतात, पण नंबर दिलेला नाही. पॅलेट (माल ठेवायची लाकडी फळी) पडून मनगट मोडलं. सुट्टीचा पगार मिळेल?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : नोंदणी करणं मालकाचं काम, त्याच्या चुकीने तुमचा हक्क बुडत नाही. कामावरच्या दुखापतीला किमान वर्गणीच्या दिवसांची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात. कपात दिसणारी स्लिप आणि केसपेपर घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि मालकाने अपघात अहवाल भरला का, ते लेखी विचारा. रजेची सर्टिफिकेटं ईएसआयच्या डॉक्टरचीच लागतात, खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्या दिवसांचे पैसे अडकतात.