स्नेअर विहिरीतून येतोय? रिव्हर्बला नंतर हात लावा

"रिव्हर्ब वाढवला की स्नेअर विहिरीतून आल्यासारखा वाटतो, कमी केला की पत्र्याचा डबा. आणि हळू मारा की जोरात, आवाज तेवढाच." तुमच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमकिटबद्दलच्या प्रश्नातली ही दोन वाक्यं वाचली आणि हसू आलं, माफ करा. (स्नेअर म्हणजे किटमधला कडक आवाजाचा ड्रम, रिव्हर्ब म्हणजे आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट.) माझं रडगाणं अगदी हेच होतं, आणि त्यात आठ महिने गेले.

किट जोडणं, हेडफोन कुठे लावायचा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. रिव्हर्ब आणि डबा विसरा. तुमचा खरा आजार शेवटच्या वाक्यात आहे. हळू आणि जोरात यांत फरकच पडत नसेल तर बिघाड इफेक्टमध्ये नाही, त्याच्या अलीकडे आहे. पॅडमधला सेन्सर ठोका किती जोरात बसला ते मॉड्यूलला, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या पेटीला, कळवतो, मॉड्यूल त्याला 1 ते 127 मधला एक आकडा देतं आणि त्या आकड्यावरून कुठला आवाज, किती मोठा, ते ठरतं. हा आकडा म्हणजे व्हेलॉसिटी. मधला साधा ठोकाही 127 वर जाऊन आदळत असेल, तर मॉड्यूल बिचारं दर वेळी आपला सगळ्यात जोरकस आवाजच काढणार. मग त्याच्यावर रिव्हर्ब घाला नाहीतर आणखी काही, सगळं सपाट.

काही मॉड्यूलमध्ये ठोक्याची पट्टी स्क्रीनवर दिसते. नसेल तर यूएसबीने संगणकाला जोडा आणि कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघा. हलके वीस ठोके मारा. सगळे 110 च्या वर आले तर निदान झालं.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. किटबरोबर आलेला रबरी स्नेअर पॅड काढून जाळीचा बसवला. छान वाटला हाताला. पण मॉड्यूलमध्ये त्या जागी पॅडचा प्रकार रबरीच राहिला. ते बदलायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. आवाज बिघडला, तर मी इफेक्टच्या मेनूत शिरलो. आधी कॉम्प्रेसर. आता कॉम्प्रेसरचं कामच मुळी मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणं, आणि माझ्याकडे अंतर उरलंच नव्हतं! त्यामुळे स्नेअर मेल्यासारखा झाला. मग 'जिवंत' करायला रिव्हर्ब. रिव्हर्बने चिखल झाला म्हणून ईक्यूमध्ये (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची सोय) खालचे, जाड आवाज कापले. कापल्यावर डबा. पुन्हा रिव्हर्ब. तुमचंही हेच चाललंय असा माझा अंदाज आहे.

शेवटी पॅडच खराब आहे असं ठरवून सगळं सर्व्हिस सेंटरला दिलं. नाव घेत नाही. पाच आठवडे ठेवून घेतलं. दर फोनला "तपासतोय". परत आलं तेव्हा सोबत चिठ्ठी: उपकरण ठीक, पॅड बदलून पाहावा. आणि मॉड्यूल सुरू केलं तर माझी 19 किट, म्हणजे जुळवून साठवलेले आवाजांचे संच, गायब. फॅक्टरी रिसेट! त्यांनी आधी एक फोन करून विचारायचं होतं. त्यांचं उत्तर: "पावतीवर लिहिलंय ना, डेटाची जबाबदारी आमची नाही." लिहिलं होतं, बारीक अक्षरात, मागच्या बाजूला. मॉड्यूलला पेनड्राइव्हची जागा होती, बॅकअप दोन मिनिटांचं काम, ते मी कधीच केलं नाही, ही चूक माझीच. तरी राग जात नाही. एका किटचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मी तीन रविवार बसून लावला होता.

गंमत पुढे आहे. रिसेट करूनही त्रास तसाच, कारण मूळ सेटिंगमध्ये पॅड रबरीच. किट नव्याने लावताना वैतागून प्रत्येक पान उघडत गेलो तेव्हा ट्रिगरच्या, म्हणजे पॅडवरचा ठोका ओळखण्याच्या सेटिंग्जच्या, पानावर पॅडच्या प्रकाराची ओळ दिसली. जाळीचा प्रकार निवडला, सेन्सिटिव्हिटी (ठोक्याला किती मोठा आकडा मिळायचा ते) थोडी उतरवली, आणि हलका ठोका हलका वाजला.

म्हणून तुम्ही आज आधी बॅकअप घ्या. मग सगळे इफेक्ट बंद. पॅडचा प्रकार, सेन्सिटिव्हिटी, थ्रेशोल्ड (निदान किती जोराचा ठोका मोजायचा ते), याच क्रमाने. सेन्सिटिव्हिटी अशी ठेवा की जिवाच्या आकांताने मारलं तरच 127 यावा. थ्रेशोल्ड फार वर नेला तर अगदी नाजूक ठोके गिळले जातात, फार खाली ठेवला तर शेजारचा टॉम हा ड्रम मारल्यावर स्नेअर बोलतो. (त्यासाठी क्रॉसटॉकची, म्हणजे एका पॅडच्या धक्क्याने दुसरा वाजू नये याची, वेगळी सेटिंग असते, पण आधी पॅड एकाच दांडीवर खेटून लावलेत का ते बघा.) बहुतेक मॉड्यूलमध्ये या सेटिंग्ज सगळ्या किटना लागू होतात, त्यामुळे किट बदलून काही होत नाही. मी इंजिनिअर नाही आणि तुमचं मॉड्यूल मला माहीत नाही, नावं इकडची तिकडे असतील.

रिव्हर्ब त्यानंतर, आणि माझं ऐकाल तर किकला जवळजवळ नाहीच. स्नेअरसाठी हिशेब सोपा आहे: मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरमध्ये बरोबर एक सेकंद. रिव्हर्बची शेपूट त्याच्या आत विरली पाहिजे. लय वाढली की शेपूट कापा. हेडफोनवर लावलेला रिव्हर्ब स्पीकरवर जास्तच वाटतो, खोलीचा घुमारा त्यात भर घालतो, म्हणून मी प्रत्येक किटच्या दोन प्रती ठेवतो. कॉम्प्रेसर मात्र मी आजही स्नेअरला लावत नाही. हट्ट म्हणा.

रिम (पॅडची कड) वाजत नाही असंही तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. पॅडपासून मॉड्यूलकडे जाणाऱ्या केबलच्या टोकाकडे बघा: काळ्या रेघा दोन हव्यात. एकच असेल तर ती मोनो, म्हणजे एकच संदेश नेणारी आहे, आणि रिमचा संदेश त्यातून जाणारच नाही.