ग्रामीण भागात कानांची तपासणी आणि श्रवणसेवा सुरू करायची असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेकडे वर्षभर पुरेल इतका निधी आहे, वीसेक गावं आहेत, आणि जवळपास ना कानाचा डॉक्टर, ना श्रवणतज्ज्ञ. मग एक मोठं शिबिर भरवून श्रवणयंत्रं वाटावीत की आणखी काही करावं?

मी श्रवणतज्ज्ञ आहे. माझी बरीचशी वर्षं गावोगाव फिरण्यात गेली आहेत आणि शिबिरंही मी भरपूर घेतली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, यंत्रं वाटायची घाई करू नका. आधी त्याच गावांतली तीन-चार माणसं हेरा आणि त्यांना तयार करा. कानात बघणं, वाहता कान कोरडा करणं, कुणाला लगेच पुढे पाठवायचं ते ओळखणं आणि बंद पडलेलं यंत्र चालू करणं, एवढं त्यांना नीट आलं पाहिजे. ती तयार झाली की मग यंत्रं आणा.

हे मी एका आजोबांच्या घरी शिकले. आमच्याच शिबिरात त्यांना यंत्र मिळालं होतं. चार महिन्यांनी त्या गावात दुसऱ्या कामासाठी गेले, म्हणून सहज त्यांच्याकडे डोकावले. सून म्हणाली, "ते मशीन बिघडलं, आठवडाभरच चाललं." कपाटातून रुमालात बांधलेली डबी निघाली. संपलेला सेल आतच राहिला होता आणि कप्प्यात पांढरट थर साचला होता. साच्याच्या, म्हणजे यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागाच्या तोंडाशी, जिथून आवाज कानात जातो, तिथे मळाचं बूच बसलं होतं. मी साचा सोडवून कोमट पाण्याने धुतला, नळीतलं पाणी फुंकून काढलं, कप्पा कोरड्या ब्रशने साफ केला, नवा सेल घातला आणि यंत्र मुठीत धरलं. शिट्टी वाजली, म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण ती दहा मिनिटं देऊ शकेल असं माणूस त्या गावात नव्हतं, आणि आजोबा चार महिने पुन्हा घरात असून घराबाहेर असल्यासारखे बसून होते. आमच्या नोंदवहीत मात्र ते 'यंत्र दिले' या रकान्यात होते. तेव्हापासून मी वाटलेल्या यंत्रांचा आकडा कुणाला सांगत नाही. तीन महिन्यांनंतर किती जण यंत्र रोज घालतात, तो आकडा सांगते.

तुमच्या भागातली अडचण जगभरची आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा श्रवणाविषयीचा पहिला जागतिक अहवाल २०२१ साली आला. त्यानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना ऐकू न येण्यावर उपचार किंवा मदत लागते आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्यांना यंत्राचा उपयोग होईल, अशा शंभरांपैकी जेमतेम सतरा जण ते वापरतात. तज्ज्ञांची वाट बघत बसलो तर ही दरी भरणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच याच संघटनेने २०२४ साली श्रवणयंत्र सेवेबद्दल जे मार्गदर्शन काढलं, त्यात प्रशिक्षण दिलेल्या बिगर-तज्ज्ञ माणसांकडे बरीचशी कामं सोपवायला स्पष्टपणे सांगितलं आहे. यंत्र निवडणं, ते बसवणं, वापरायला शिकवणं आणि नंतर पाठपुरावा करणं, अशा चार पायऱ्या तिथे मांडल्या आहेत. तेव्हा गावातली माणसं तयार करणं ही नाइलाजाने केलेली तडजोड आहे असं समजू नका.

आता काय शिकवायचं ते.

पहिली गोष्ट, ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायचं दिव्याचं उपकरण, धरून कानात बघणं. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, अगदी लहान बाळाची खाली आणि मागे, म्हणजे नळी सरळ होते आणि पडदा दिसतो. आधी निरोगी कान भरपूर बघायला लावा. निरोगी पडदा डोळ्यांत बसला की बिघडलेला आपोआप खटकतो. ऐकू येत नाही म्हणून आलेल्या कितीतरी माणसांचा कान फक्त मळाने गच्च भरलेला असतो. आधी थेंब टाकून तो मऊ करायचा आणि मग शिकलेल्या हाताने काढायचा. पाण्याने धुवायचं झालं तर पाणी शरीराइतकंच कोमट हवं, गार किंवा गरम पाण्याने चक्कर येते. आणि कान वाहत असेल, पूर्वी कधी फुटला असेल किंवा पडद्याला भोक असल्याची शंका असेल, तर पाणी अजिबात घालायचं नाही. मुलाच्या कानात दाणा किंवा बी गेली असेल तरीही नाही, कारण ती फुगते. चपटा सेल गेला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, कारण तो काही तासांत आतली त्वचा जाळतो.

दुसरी गोष्ट वाहत्या कानाची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. गावांत ऐकू न येण्याची जी कारणं टाळता किंवा बरी करता येतात, त्यांत हे फार मोठं आहे आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. "लहानपणापासून कान वाहतो, मोठा झाला की थांबेल" असं आई-वडील सहज सांगतात. तो थांबत नाही, ऐकू येणं मात्र कमी होत जातं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस कान वाहत असेल तर तो जुनाट संसर्ग समजायचा. त्यावरच्या उपचाराचा अर्धा भाग कान कोरडा करण्यात आहे, आणि तो आईला घरी करता येतो. पाणी शोषणाऱ्या स्वच्छ सुती कापडाचा लहान तुकडा घ्यायचा, पिळून त्याची टोकदार वात करायची, ती हलकेच कानात सरकवायची आणि ओली होईपर्यंत तशीच ठेवायची. मग काढून नवी वात. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करत राहायचं, आणि असं दिवसातून तीन वेळा. काडीला गुंडाळलेला कापूस नको, लगेच विरघळणारा पातळ कागदही नको. कान कोरडा झाल्यावरच डॉक्टरांनी दिलेले थेंब टाकायचे. पुवाने भरलेल्या कानात टाकलेला थेंब पुवावरच तरंगतो, पडद्यापर्यंत पोचत नाही. थेंब टाकल्यावर कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने चार-पाच वेळा दाबायची, म्हणजे औषध आत उतरतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातले थेंब यासाठी साधारण दोन आठवडे देतात. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून दुकानातून कुठलीही बाटली आणून टाकू नये, हे तुमच्या कार्यकर्तीने प्रत्येक घरात सांगितलं पाहिजे. वात करून दाखवायची, मग आईकडून करून घ्यायची. नुसतं तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरतं. मी हे सांगून पाहिलं आहे आणि करून घेऊनही पाहिलं आहे, फरक पुढच्या भेटीत लगेच दिसतो.

काही खुणा दिसल्या की मात्र गावात काहीच करत न बसता लगेच पुढे पाठवायचं: कानामागे दुखरी सूज, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, घेरी, तापासोबत जबर डोकेदुखी किंवा ताठ मान, घाण वास येणारा पू जो उपचार करूनही थांबत नाही. आणखी एक, जे फार निसटतं: काल-परवापर्यंत नीट ऐकू येत होतं आणि एका कानाचं अचानक बंद झालं. कानात मळ दिसत नसेल तर हे तातडीचं प्रकरण आहे, उपचार जितका लवकर तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. 'बघू, मोकळा होईल' म्हणून दोन आठवडे घालवून आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना काय सांगायचं हे मला आजही सुचत नाही.

ऐकण्याची तपासणी फोनवर किंवा टॅबवर चालणाऱ्या ऑडिओमीटरने चांगली होते, फक्त हेडफोन त्याच यंत्राला जुळवलेले हवेत. प्राथमिक चाळणीला, म्हणजे कुणाची पुढे तपासणी हवी ते ओळखायला, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आवाज पुरतात. अडचण खोलीची असते. शेजारी पंप चालू, बाहेर मुलं खेळतायत, असं असेल तर निरोगी माणूसही नापास होतो. खोलीतला आवाज ४० डेसिबलच्या आत असावा. सकाळची वेळ घ्या, खिडक्या बंद करा, एका वेळी एकालाच आत बोलवा. रोज काम सुरू करण्याआधी कार्यकर्तीने हेडफोन स्वतःच्या कानांवर लावून सगळे आवाज ऐकायचे. तिला ऐकू येत नसलेला आवाज त्या दिवशी कुणालाच ऐकू येणार नाही, आणि दोष तारेचा असेल.

लहान मुलांबद्दल कळकळीने सांगते. बाळामागे टाळी वाजवून तपासू नका. बाळाला वाऱ्याची झुळूक कळते, सावली दिसते, आई दचकलेली जाणवते, ते वळतं आणि सगळे निश्चिंत होतात. जगभर मानलं गेलेलं वेळापत्रक असं आहे: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू. बाळासाठी वेगळं उपकरण लागतं, ते तुमच्याकडे नसेल तर जन्माच्या नोंदीवरून प्रत्येक बाळ जवळच्या केंद्रात पोचतंय ना, एवढं तरी बघा. वर्षाचं मूल नावाने वळत नसेल, दीड वर्षाचं एकही शब्द बोलत नसेल, तर "याचे वडीलही उशिरा बोलले" हे ऐकून घेऊ नका. ज्या मुलांना यंत्राचा उपयोग होत नाही, त्यांच्या घराला सांकेतिक भाषेशी जोडून द्या, आणि तेही लवकर. मुलाला भाषा मिळायला हवी. ती कानाने मिळते की हातांनी, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता यंत्रं. किती घ्यायची ते ठरवण्याआधी तीन गोष्टींची सोय करा: सेल, साचे आणि दुरुस्ती. सेल झिंक-एअर जातीचे असतात. वरची चिकटपट्टी काढली की हवा लागून ते सुरू होतात आणि पट्टी पुन्हा लावून वाचत नाहीत. कानामागच्या यंत्रांना बहुधा १३ नंबरचा, केशरी पट्टीचा सेल लागतो, जास्त ताकदीच्या यंत्रांना ६७५, निळ्या पट्टीचा. रोज वापरलं तर एक-दोन आठवड्यांत तो संपतोच. म्हणून सेल मिळण्याची जागा गावातच हवी. त्यासाठी शहराची बस पकडावी लागली तर यंत्र कपाटात जातं. वाढत्या मुलाचा साचा काही महिन्यांत सैल होतो, मग शिट्टी वाजते आणि मूल यंत्र काढून टाकतं. घरच्यांना वाटतं मूल हट्टी आहे.

यंत्र दिल्यावर पहिली भेट दोन आठवड्यांच्या आत, घरी जाऊन. पहिल्या दिवसांत भांड्यांचा आवाजसुद्धा असह्य वाटतो. आधी शांत खोलीत एका माणसाशी बोलताना तासभर घाला, मग हळूहळू वाढवा, असं सांगावं लागतं. त्याच भेटीत घरच्यांनाही बसवा: समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहून, न ओरडता जरा सावकाश बोला. ओरडल्याने आवाज फाटतो, शब्द कळत नाही.

माणसं निवडताना शिक्षणापेक्षा मी हे बघते की ती व्यक्ती गावात राहणार आहे का, आणि म्हातारी माणसं तिला दारात थांबवून काही विचारतात का. प्रशिक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं प्राथमिक पातळीवरचं कान व श्रवण-निगेचं साहित्य २०२३ साली नव्याने आलं आहे, ते मोफत आहे. मात्र पुस्तकावर भागवू नका. निदान पहिले काही महिने कुणी तरी कानाच्या डॉक्टरने त्यांच्यासोबत प्रत्यक्ष कान बघितले पाहिजेत. पुढे ओटोस्कोपला जोडलेल्या कॅमेऱ्यातून फोटो पाठवून सल्ला घेता येतो.

आणि पहिला ओटोस्कोप विकत घेण्याच्याही आधी, ज्या रुग्णालयात तुम्ही रुग्ण पाठवणार आहात तिथल्या डॉक्टरांना भेटा. कुठल्या वारी पाठवायचं, चिठ्ठीवर काय लिहायचं, परत आलेल्या माणसाची माहिती तुम्हाला कशी मिळेल, हे लेखी ठरवून घ्या. पडद्याची शस्त्रक्रिया होणारं सर्वांत जवळचं ठिकाण तुमच्या गावांपासून किती तासांवर आहे, आणि तिथे जायला गाडी रोज मिळते की आठवड्यातून एकदाच, हे इथे लिहिलंत तर किती माणसं तयार करायची आणि त्यांना कुठल्या गावांत बसवायचं, याबद्दल मी पुढे सविस्तर सांगू शकेन.