दहाही जणी झोपल्या होत्या

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे, लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "जागे राहा म्हणतात, पण दुसऱ्याच आठवड्यात माझं सगळं ढेपाळतं. मी तयारच नाही का?" विचारणाऱ्यांत घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बायका जास्त. त्यांच्यातल्याच एकीचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वसईकडच्या ताई, चाळिशी ओलांडलेल्या, रोज लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या. 30 नोव्हेंबर 2025 ला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायातलं वाचन झालं: ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. ते त्यांच्या मनात रुतून बसलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेतीनला उठून प्रार्थना, लूकच्या शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय, पूर्ण रोझरी (जपमाळेची प्रार्थना), गोड बंद. रात्री साडेअकरापर्यंत फराळ आणि मुलांबरोबर गोठ्याची तयारी. झोप उरली चार तास.

दहाव्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा वीस मिनिटांच्या रोझरीला पन्नास मिनिटं लागत होती. मन भरकटलं की "ही धरली जाणार नाही" म्हणून पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात. मुलांवर ओरडणं वाढलं होतं. त्या ओरडण्याचं पापनिवेदन (फादरांपुढे पाप कबूल करणं) दहा दिवसांत तीनदा झालं होतं, तेही तीन वेगवेगळ्या चर्चमध्ये, म्हणजे कोणा फादरांना "पुन्हा आलात?" असं वाटू नये.

इथे भक्ती कमी नव्हती, भीती जास्त होती. भीतीचा स्वभाव असा की खात्री करून घ्यायला जावं तेवढी ती वाढते. म्हणून "देव माफ करतो हो" असं आम्ही समजावत बसलो नाही. तो दिलासा जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला असता. त्याऐवजी मत्तयचाच पुढचा, 25 वा अध्याय काढायला सांगितला. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला उशीर होतो आणि दहाही जणींना झोप लागते, शहाण्या पाच जणींनाही. फरक होता तो कुपीतल्या तेलाचा: शहाण्यांनी दिव्यांसाठी ते सोबत घेतलं होतं. आणि लूकच्या 21 व्या अध्यायात मन जड करणाऱ्या गोष्टींत दारूच्या शेजारीच संसाराच्या चिंतेचं नाव आहे. ताई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या.

मग वेळापत्रक बदललं. झोप रात्री साडेदहा ते पहाटे पाच. सकाळी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, त्या दिवसाच्या मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) शुभवर्तमान. लूकचा रोज एक अध्याय ही 24 दिवसांची योजना लोकप्रिय आहे खरी, पण तिच्यात येशूचा जन्म 2 डिसेंबरलाच वाचून होतो आणि 24 तारखेला आपण पुनरुत्थानापाशी पोचतो. वाट पाहायची कधी? मिस्साची वाचनं तो क्रम सांभाळतात: 16 डिसेंबरपर्यंत रोख येणाऱ्या ख्रिस्ताची वाट पाहण्यावर, आणि 17 पासून मत्तय व लूक यांच्या पहिल्या अध्यायांतून जन्माकडे.

रोझरीचं एकच रहस्य (दहा मण्यांचा एक भाग), लोकलमध्ये. मन भरकटल्याचं कळेल त्याच मण्यापासून पुढे. मागे जायचं नाही. हा नियम सगळ्यांत जड गेला. 17 तारखेला तो मोडला आणि त्यांनी अख्खी माळ पुन्हा केली. आम्ही नियम सैल केला नाही, रागावलोही नाही.

रात्री दहा मिनिटं संत इग्नेशियस (जेज्वीट संघाचे संस्थापक) यांच्या पद्धतीचं दिवसाचं अवलोकन. बहुतेक जण इथे दहाही मिनिटं चुका मोजण्यात घालवतात, म्हणून मिनिटं वाटून दिली: आभार तीन, प्रकाशासाठी विनवणी एक, दिवस उलगडणं तीन, क्षमा दोन, उद्याची एकच गोष्ट एक. जागा स्वयंपाकघरातली खुर्ची. अंथरुणात बसलं की तिसऱ्या मिनिटाला डोळा लागतो.

पापनिवेदन एकाच फादरांकडे, 20 तारखेच्या आत एकदा, आणि या भीतीबद्दल त्यांना आधीच सांगून. एकदा सांगितलेलं पाप पुन्हा सांगायचं नाही. गोड सोडणं आम्ही त्यांच्यावरच सोपवलं. लॅटिन विधीत (पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेत) आगमनकाळाचा उपवास सक्तीचा नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एक मर्यादा मात्र पहिल्याच भेटीत ठरवली होती. प्रार्थना पुन्हा पुन्हा करण्यात किंवा पापांची उजळणी करण्यात रोज तासाहून अधिक वेळ जात राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. तो मंत्रचळेपणाचा (ओसीडी) आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. श्रद्धा कमी पडली असा त्याचा अर्थ लावू नये. ताईंचा वेळ 20 तारखेपर्यंत दहा मिनिटांवर आला, म्हणून तूर्त गरज लागली नाही; जानेवारीतली भेट ठरवून ठेवली.

24 तारखेला दुपारी त्या तासभर झोपल्या आणि रात्री मिस्साला गेल्या. नाताळच्या फराळातले कलकल त्या वर्षी विकतचे होते.