अमेरिकेतला 401के: मोडू का ठेवू?

प्रश्न: नमस्कार, वय 46. अमेरिकेत एच-1बी वर 11 वर्षं काढून मागच्या वर्षी कायमचा भारतात आलोय, ग्रीन कार्ड झालं नाही. जुन्या कंपनीच्या 401के मधे (नोकरीतून उघडलेलं निवृत्तीच्या बचतीचं खातं) साधारण 1,40,000 डॉलर पडून आहेत. मेव्हणे म्हणतात आत्ताच काढून घे, आत्ता इथे त्यावर टॅक्स नाही, नंतर पस्तावशील. बायको म्हणते हात लावू नको. लगेच गरज काही नाहीये, पण पैसे तिकडे आणि आपण इकडे, डोक्याला ताप वाटतो. काय करू?

उत्तर: मेव्हण्यांचं अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यावरच बरेच जण पैसे काढून मोकळे होतात. इतकी वर्षं बाहेर राहून आलेला माणूस साधारण दोन-तीन आर्थिक वर्षं आरएनओआर, म्हणजे टॅक्सच्या भाषेत रहिवासी पण पूर्ण रहिवासी नाही असा, राहतो (मागच्या 10 पैकी 9 वर्षं एनआरआय असाल, किंवा मागच्या 7 वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांच्या वर नसेल तर), आणि त्या काळात तिकडच्या पेन्शनच्या पैशावर इथे टॅक्स लागत नाही, फक्त पैसे आधी तिकडच्याच बँक खात्यात उतरवायचे, थेट इथे मागवले तर घोळ होतो.

पण अमेरिकेचं काय? तुम्ही आता तिकडे नॉन-रेसिडेंट, त्यामुळे पैसे काढताना सहसा 30% कापूनच हातात देतात, आणि वय साडेएकोणसाठच्या आत म्हणून वर 10% दंड, जो वेगळा भरावा लागतो. म्हणजे 1,40,000 मधले 42,000 आणि 14,000, एकूण 56,000 डॉलर गेले. 1040-एनआर हे नॉन-रेसिडेंटचं अमेरिकन रिटर्न भरल्यावर त्या 30 टक्क्यांतलं काही परत येऊ शकतं, तो हिशोब दोन्हीकडचा टॅक्स समजणाऱ्या माणसाकडून आधी कागदावर करून घ्या, पण 10% येत नाही. कोणी म्हणेल 55 नंतर दंड माफ असतो, तर तो ज्याने 55 व्या वर्षी किंवा नंतर ती नोकरी सोडली त्याला, तुम्हाला नाही.

आता ठेवलं तर काय, ते बघा. भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या कलम 20 प्रमाणे खाजगी पेन्शनवर टॅक्स फक्त राहत्या देशात, पण पेन्शन म्हणजे ठराविक काळाने मिळणारी रक्कम, एकरकमी उचललेले पैसे त्यात बसत नाहीत. साठीनंतर नियमित हप्त्यांनी घेतलंत, 401के सांभाळणाऱ्या कंपनीकडे डब्ल्यू-8बेन फॉर्म (मी अमेरिकेचा रहिवासी नाही, करार लावा, असं सांगणारा) दिलात, तर इथल्या स्लॅबने टॅक्स भरून सुटाल. मधल्या वर्षांत खात्यात होणाऱ्या वाढीवर इथे दरवर्षी टॅक्स का, ही भीती होती ती 2021 च्या फायनान्स ऍक्टने बऱ्यापैकी घालवली, जुन्या, 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 89ए, त्यात अमेरिका, यूके आणि कॅनडाच्या अशा खात्यांवर पैसे काढाल तेव्हाच टॅक्स असा पर्याय घेता येतो, मात्र एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. आरएनओआर संपलं की रिटर्नमधे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे खातं दाखवायचंच, विसरलो ही सबब तिथे चालत नाही.

एक गोष्ट मात्र मेव्हणे बोलले नाहीत आणि खरी काळजी तिचीच आहे. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परक्या नागरिकाचा मृत्यू झाला तर तिथल्या मालमत्तेपैकी 60,000 डॉलरच्या वरच्या भागावर इस्टेट टॅक्स लागतो, 40% पर्यंत, आणि पत्नी अमेरिकन नागरिक नसेल तर तिला मिळणाऱ्या पैशालाही सहज सूट नाही. या टॅक्सबद्दल आपला त्यांच्याशी करारही नाही. त्याच्यासाठी सगळं मोडायची गरज नाही, तेवढ्या रकमेचा टर्म इन्शुरन्स वाढवा, स्वस्तात काम होतं.

माझं मत वहिनींच्या बाजूने. तुम्हाला गरज नाही, आणि इथला टॅक्स वाचवायला तिकडे 40% देणं हे मला तरी पटत नाही. बॅलन्स पाच-सहा हजार असता तर काढा म्हणालो असतो, तसंही 7,000 च्या आतलं खातं जुनी कंपनी तुमच्या संमतीशिवाय बंद करू शकते. आयआरए मधे (कंपनीशी संबंध नसलेलं, स्वतःचं निवृत्ती खातं) हलवायचं असेल तर भारतातला पत्ता चालतो का हे आधी विचारा, बरेच ब्रोकर नाही म्हणतात. आणि जुना अमेरिकन मोबाईल नंबर बंद करण्याआधी लॉगिनचा ओटीपी कुठे येतो ते बघून ठेवा.

प्रश्न: मी 6 वर्षं अमेरिकेत नोकरी केली, सोशल सिक्युरिटीचे कापलेले पैसे परत मिळतील का?

उत्तर: नाही. त्या पेन्शनला 40 क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त 4, म्हणजे किमान 10 वर्षं. काही देशांशी अमेरिकेचा दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजायचा करार आहे, भारताशी नाही. पुन्हा तिकडे नोकरी केलीत तर ही 6 वर्षं मोजली जातील, क्रेडिट पुसलं जात नाही.